लाल बाहीतला हात

कडूबाच्या हाताबद्दल आधी सांगतो, कारण हा गडी आयुष्यभर हाताच्या मागंमागंच फिरला. लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, वीस वर्षं हमाली केली. क्विंटलचं पोतं एका झटक्यात पाठीवर घ्यायचा. अन् भांडण कुणाचंही असो, पहिला फटका कडूबाचाच. एका मापाड्याचा जबडा त्यानं सरकवला होता. एका ट्रकवाल्याला चाकाला टेकवून इतका बदडला, की त्या बिचाऱ्यानं लासूरला येणंच सोडलं. लोक भ्यायचे, अन् खोटं कशाला बोला, कडूबाला ते लई आवडायचं.

लेक झाली, अपेक्षा. तीन वर्षांची झाली तरी हाक मारली की वळायची नाय. "अपे! ए अपे!" पोर आपली पाठमोरी मातीत खेळत बसलेली. कडूबाला वाटायचं, माजलीय. एवढीशी पोर बापाला जुमानत नाय म्हणजे काय? मग तो उठायचा अन् मागनं कानफटात ठेवून द्यायचा. असं दीड वर्ष चाललं. दीड वर्ष, राव! एकदा तर नाकातनं रक्ताची धार लागली, तरी दुसरी ठेवून दिलीच. बायको साळूबाई मधे पडली की तिलाबी तोच प्रसाद. शेवटी तिनंच लेकीला काखोटीला मारलं अन् एसटीनं शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, पोर जन्मापासून बहिरी आहे.

कडूबा त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उजवा हात भिंतीवर आपटत राहिला. दोन बोटं मोडली तेव्हा कुठं थांबला. ती बोटं नीट जुळलीच नाहीत, आजही वाकडी आहेत.

त्याला नऊ वर्षं झाली. पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं मुक्याबहिऱ्या पोरांची शाळा आहे. अपेक्षाला तिथं घातलं, अन् नवराबायकोही तिथंच लागले. साळूबाई स्वयंपाकघरात, कडूबा गाडीवर ड्रायव्हर. नऊ वर्षांत त्यानं माशीवरसुद्धा हात उगारला नाही. अपेक्षा आता तेरा वर्षांची आहे, बापाच्या ताटातली भाकर पळवते, त्याच्या मिशा ओढते. पण कडूबाच्या काळजात एकच किडा वळवळायचा. पोरीला ते आठवत असंल का? भाकर, पाणी, गाडी, चल, झोप, एवढं त्याला खुणांनी बोलता यायचं. हे कसं विचारायचं ते त्यानं शिकूनच घेतलं नाही, भीती वाटायची. रोज सकाळी गाडी पुसताना स्वतःलाच सांगायचा, "लई बारकी व्हती. इसरली असंल."

शाळेत नाताळ जोरात. शिकवणाऱ्या मोनिका मॅडम शहरातल्या छावणी भागातल्या ख्रिस्ती घरच्या, त्या डबाभर करंज्या आणतात अन् नाटक बसवतात. बाळ येशूला मारायला दुष्ट राजाचे शिपाई येतात, लाकडी तलवारींची हाणामारी होते, अन् मग येतो सांताक्लॉज. सांताक्लॉज म्हणजे आपला कडूबा. घंटा वाजवून उपयोग नाही, म्हणून तो फळ्यांच्या स्टेजवर धाडधाड पाय आपटतो अन् पोरांना तळपायातनं कळतं, आला! साळूबाईनं शिवलेला लाल झगा, कापसाची दाढी अन् पांढरे हातमोजे. हातमोजे अगदी सक्तीचे, कारण ही पोरं माणूस हातावरनं ओळखतात. वाकडी बोटं दिसली की संपलं सोंग. अपेक्षालासुद्धा आजवर पत्ता लागला नव्हता.

या खेपेला पालकांनाही बोलावलं होतं. शिपायांची हाणामारी संपली, कडूबानं स्टेजवर पाय आपटले, चाळीस पोरं उड्या मारायला लागली. त्याच वेळी गोकुळ फाटकातनं आत आला. चितेगावच्या कंपनीत कामाला असलेला तरणा माणूस, शिवमचा बाप. शिवम आठ वर्षांचा, जूनमध्येच शाळेत आलेला. दिवाळीत एका शिबिरात त्याला कानाचं मशीन मिळालं होतं.

"शिवम! चल घरी!" गोकुळ ओरडला.

पोरगा पाठमोरा, डोळे सांताक्लॉजवर. गोकुळनं दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. चार आया वळून बघायला लागल्या तसं त्याचं टाळकं सरकलं. तरातरा आला अन् मागनं पोराच्या कानफटात अशी वाजवली, की पोर स्टेजपुढं मांडलेल्या बाळ येशूच्या गव्हाणीच्या देखाव्यावर जाऊन पडलं. मातीची मेंढरं फुटली. शिवमच्या नाकातनं रक्त आलं, मशीन उडून गवतात पडलं.

"अहो, काय करताय!" मोनिका मॅडम धावल्या.

"सरका मॅडम! मशीन लावलंय की कानाला! समदं ऐकू येतंय त्याला, माजलाय नुसता!"

माजलाय. तो शब्द कडूबाच्या कानात शिरला अन् नऊ वर्षांचा बांध फुटला. स्टेजवरनं त्यानं उडी घेतली. उघड्या मुठीनं मारायच्या जुन्या सवयीनं उजव्या हातातला मोजा दातानं ओढून थुंकला अन् गोकुळच्या तोंडावर ठोसा हाणला. दात पडला. गोकुळनं नाताळची चांदणी टांगलेला बांबू उपटून त्याच्या डोक्यात घातला, दाढीचा कापूस लाल झाला. कडूबानं बांबू हिसकून फेकला, त्याला उताणा पाडला अन् छातीवर गुडघा दिला.

"मशीन लावल्यानं ऐकू येतं व्हय रं? समद्यांना येतं व्हय? हाक मारतो? हां? हाक मारतो?"

दर शब्दाला एक ठोसा. गोकुळचा ओठ फाटला, डोळा मिटला, तो हात जोडायला लागला तरी ठोसे थांबेनात. खरं सांगू? कडूबा गोकुळला मारतच नव्हता. लासूरच्या अंगणातल्या त्या कडूबाला मारत होता, अन् त्याला लई बरं वाटत होतं.

श्वास घ्यायला त्यानं मान वर केली. समोर चाळीस पोरांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवायला सुरुवात केली होती. बहिऱ्या पोरांच्या टाळ्या अशाच असतात. त्यांना वाटलं, नाटकच चाललंय, दुष्ट शिपायाला सांताक्लॉज ठोकतोय! कडूबाची छाती भरून आली. मारलं म्हणून जन्मात पहिल्यांदा टाळ्या मिळत होत्या. त्यानं मूठ पुन्हा वर नेली.

तेवढ्यात त्याला अपेक्षा दिसली.

सगळे हात हवेत असताना ती एकटी खाली बसली होती. दोन्ही हात डोक्यावर, कोपरांत तोंड लपवलेलं, मान खांद्यात ओढलेली. मोजा नसलेल्या त्या मुठीतली दोन वाकडी बोटं तिनं ओळखली होती. तीन वर्षांची असताना ती अशीच बसायची.

कडूबाची मूठ वरच राहिली. गोकुळ त्याच्याखालनं सरपटत निघाला, मोनिका मॅडमनी शिवमला पोटाशी धरलं, साळूबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. कडूबाला काहीच कळलं नाही. एवढंच कळलं की पोर विसरली नाही. एक दिवससुद्धा विसरली नाही.

तो लेकीसमोर जाऊन गुडघ्यावर बसला. दाढी काढली. कान धरून माफी मागावी म्हणून हात उचलला, तर अपेक्षा आणखी आत ओढली गेली. त्यानं हात लगेच खाली टाकला. आता हात न उचलता पोरीची माफी कशी मागायची? ढसाढसा रडला गडी, एवढ्या लोकांदेखत. मग दोन्ही हात मातीला टेकवले अन् डोकंच खाली नेलं, पार जमिनीपर्यंत, अन् तिथं स्वतःचे कान धरले.

पोरांचे पंजे एकेक करून खाली आले.

अपेक्षानं कोपरातनं बघितलं. मग एक हात डोक्यावरनं काढला अन् बापाच्या रक्ताळलेल्या केसांवर ठेवला. दुसरा हात मात्र तिनं आपल्या डोक्यावरच राहू दिला.