एकाहत्तरावा चेंडू

दुखण्यावरच्या मलमाचा वास आला की मला दुबईतलं ते बेसबॉलचं मैदान आठवतं. शाळकरी मुलांच्या लीगची सेमीफायनल होती, हवेत दमट धूळ होती. माझी बारा वर्षांची लेक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी होती आणि तिचे चेंडू मोजायचं काम माझ्याकडे होतं. मुलांच्या हाताला इजा होऊ नये म्हणून पंचाहत्तर झाले की पिचर बदलायचा, हा नियम. साठनंतर दोन चेंडूंमधला वेळ वाढू लागला. ती टोपी नीट करायची, मग हात खाली सोडून नुसती उभी राहायची. प्रेक्षकांतून कुणीतरी अरबीत घाई केली, "यल्ला, यल्ला!" आमचा कोच म्हणजे माझा नवरा, जन्मभर क्रिकेट खेळलेला. तो जाळीपाशी आला. "किती झाले गं?" "अडुसष्ट. बदल तिला, दमलीय." "दमली कसली! बॅटरला ताटकळत ठेवतेय. हुशार आहे पोरगी. सात आहेत ना अजून?" मी लेकीला विचारलं, "दुखतंय का?" "आय ॲम फाइन, आई," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. बोलरला नेटमध्ये घाम गाळायला लावतात तसा बापानं सकाळी पार्किंगमध्ये तिच्याकडून तासभर सराव करून घेतला होता. ते चेंडू नियमात मोजले जात नव्हते, म्हणून माझ्या वहीतही नव्हते. मी म्हणाले, "हो, सात." एकाहत्तरावा चेंडू टाकून ती उजवं कोपर धरून खाली बसली. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात एकूण किती टाकले?" मला आकडा सांगता आला नाही. आता ती सतराची आहे. जड दार डाव्या हातानं ढकलते, आणि मी पुढे होऊन ते धरायला गेले की म्हणते, "आय ॲम फाइन, आई."