देवीदासजींचं ‘हव’

रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या औषधाच्या दुकानासमोर देवीदास ढोबळे रोज सकाळी थांबतात, पाटी वाचतात, मान वळवून तळ्याकडे बघतात आणि पुन्हा तीच पाटी वाचतात. मग स्वतःशीच पुटपुटतात, "मी जागाच आहो." गेले आठ महिने हे असं चालू आहे. दुकानदाराला आधी वाटलं, नवा चष्मा लागला असेल. आता तो गिऱ्हाइकांना डोळ्यांनी खुणावतो. खुणावू दे बापडा, त्याला काय ठाऊक.

स्वप्नात अक्षरं आणि आकडे टिकत नाहीत. एकदा वाचलं, नजर फिरवून पुन्हा वाचलं, की ते बदललेले असतात. दिवसभर अशी दोनदा बघायची सवय लागली, की माणूस स्वप्नातही तसंच बघतो आणि त्याला उमगतं, अरे, हे स्वप्न आहे. मग त्या स्वप्नात आपल्या मर्जीने बोलता येतं, विचारता येतं. अडुसष्ट वर्षांच्या रेल्वे पेन्शनरला ही विद्या एकाच कामासाठी हवी होती. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या बायकोला, सुनीतीला, एक प्रश्न विचारायचा होता.

देवीदासजी रेल्वे यार्डात नंबर टेकर होते. मालगाडी येऊन उभी राहिली, की वही घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि प्रत्येक डब्यावरचा नंबर उतरवायचा. चौतीस वर्षांत एक आकडा चुकला नाही. डोळे असे तरबेज. कान मात्र त्यांनी नोकरीतही वापरले नाहीत आणि घरात तर नाहीच नाही. सुनीती काही सांगायला लागली, की यांचं ‘हव’ तयार. रायपुरात ‘हव’ म्हणजे हो, ऐकलं, करतो. देवीदासजींच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच, की बाई, आता पुरे कर. "नळाचं पाणी गढूळ येऊन राहिलं." "हव." "पोरीच्या सासरी फोन करा एकदा." "हव." चाळीस वर्षं संसार त्या एका अक्षरजोडीवर चालला, आणि तिनेही तो चालवून घेतला.

ती गेली त्या दुपारी टीव्हीवर मॅच होती. सुनीती पदराला हात पुसत दारात आली आणि काहीतरी बोलली. एखादं वाक्य नव्हे, चांगली तीन-चार वाक्यं. देवीदासजी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "हव." ती आत गेली. पाऊण तासाने चहा का झाला नाही म्हणून ते बघायला गेले, तेव्हा ती पलंगावर होती आणि सगळं आटोपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

मुलगी स्वरदा बिलासपुरात असते. ती संध्याकाळी आली, बापाच्या गळ्यात पडून रडली आणि विचारलं, "आई कुछ बोली थी, पापा?" देवीदासजी म्हणाले, "नाही बेटा. झोपेतच गेली. काही नाही बोलली." काय सांगणार होते? की बोलली, पण मॅच चालू होती? लाजेपायी माणूस खोटं बोलतो आणि मग त्या खोट्याला जन्मभर पोसत बसतो. स्वरदा त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. त्यानंतर तिचा फोन रविवारी येतो. बीपीची गोळी घेतली का, सिलिंडर आहे का, ठीक है पापा. तीन मिनिटं. देवीदासजींनी समजूत घातली, पोट्टीच्या मागे कामं फार.

झोप येईना म्हणून ते शंकर नगरात एका ध्यानवर्गाला जायला लागले. शिकवणारी रीना दीदी त्यांच्या मुलीपेक्षाही लहान. श्वासाकडे बघा, पाऊल टाकताना पावलाकडे बघा, कोणी बोलत असेल तर पूर्ण ऐका, असं ती सांगायची. हे शेवटचं ऐकलं, की देवीदासजी खाली मान घालायचे. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, की रोजच्या सरावाने स्वप्नातही जागं राहता येतं, तिथल्या माणसांशी बोलता येतं. वर्ग सुटला तरी देवीदासजी चटईवरून उठेनात.

"गेलेल्या माणसाले विचारता येते का, दीदी?"

"पूछ तो सकते हैं, अंकल," ती सांभाळून म्हणाली.

‘पूछ सकते हैं’ एवढंच त्यांनी उचललं. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ऐकायला निघाले, तेही निम्मंच ऐकलं.

मग सुरू झाला नेम. उशाशी वही. उठल्या उठल्या, कूस न बदलता, आठवेल ते स्वप्न लिहायचं. दिवसातून दहा वेळा पाटी, घड्याळ, स्कूटरचा नंबर दोनदा बघायचा आणि विचारायचं, मी जागा आहे की झोपेत? जेवण झालं, की आडवं होऊन मनात घोळवायचं, आज स्वप्न पडलं तर ओळखीन. पहिले तीन महिने नुसत्या मालगाड्या आल्या. चौथ्या महिन्यात एकदा डब्याचा नंबर बदलला, यांनी ओळखलं आणि आनंदाच्या भरात जागेच झाले. दिवसभर स्वतःवर चरफडत बसले.

मागच्या मंगळवारी दुपारी ते जमलं. तीच खोली, तीच मॅच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोळा तारीख होती. नजर फिरवून पाहिलं तर एक्केचाळीस. देवीदासजी घाबरले नाहीत. स्वप्न मोडू नये म्हणून रीना दीदीने सांगितल्याप्रमाणे हातावर हात चोळले, श्वास सावकाश घेतला. सुनीती दारात उभी होती. त्यांनी टीव्हीकडे पाठ केली आणि बोलणाऱ्या बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. बोलताना तिची डावी भुवई जराशी वर जाते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तिचे ओठ हलत होते. ऐकू येत होती ती कॉमेंट्री, चौथ्या चेंडूवर दोन धावा.

"पुन्हा सांग वो," ते म्हणाले. "मी ऐकून राहिलो."

तिने पुन्हा सांगितलं, न कंटाळता, पहिल्यापासून. पुन्हा कॉमेंट्रीच. तिसऱ्यांदा विचारताना त्यांना रडू फुटलं आणि ओल्या उशीवर जाग आली.

रीना दीदीने सगळं ऐकून घेतलं. "अंकल, सपने में वही मिलता है जो अंदर गया हो," ती म्हणाली. "वो बात आपके अंदर गई ही नहीं थी."

म्हणजे दार ठोठावून उपयोग नव्हता, आत कोणी नव्हतंच. आठ महिने वाया गेल्याचं दुःख त्यांना झालं नाही. चाळीस वर्षं वाया गेल्याचं झालं. घरी आल्यावर त्यांनी बुधवार असूनही स्वरदाला फोन लावला.

"क्या हुआ पापा? तबीयत?"

"स्वरदा, मी तुले खोटं सांगितलं होतं. आई बोलली होती त्या दिवशी. मॅच चालू होती, मी ऐकलं नाही. नुसता हव म्हणलो. काय बोलली ते मले अजून माहीत नाही, बेटा."

फोन कटला की काय म्हणून त्यांनी कानापासून काढून पाहिला.

"आपने सुना ही नहीं था?" स्वरदाचा आवाज फाटला. "पापा, तीन साल से मैं समझ रही थी कि आपने सुना और बैठे रहे. और फिर मुझसे झूठ भी बोले."

"काय ऐकलं, बेटा? काय बोलली ती?"

"मुझे फोन किया था आई ने, आपको बताने के बाद. छाती भारी लग रही है, हाथ में दर्द है. मैंने कहा, पापा को बोलो, डॉक्टर के पास ले जाएँ. तो बोली..." इथे स्वरदा एकाएकी आईच्या मराठीत बोलायला लागली. "‘सांगितलं त्यायले. हव म्हणे. रिक्षा पाहाले गेले असतील. मी साडी बदलून पडली आहो, आले की निघतो.’ और मैंने कहा, ठीक है आई, लेटी रहो."

तिच्या अंगावरची ती निळी साडी देवीदासजींना आत्ता दिसली. घरात नेसायची नव्हती ती, लग्नाकार्याला, बाहेर जाताना नेसायची. त्या दुपारी त्यांनीच तिचे हात सरळ केले होते, पदर अंगावर नीट ओढला होता, आणि साडीकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. निळी साडी नेसून, बाहेर जायच्या तयारीत, ती पाऊण तास त्यांची वाट बघत पडून होती. आणि ते शेजारच्या खोलीतच होते.