तिरका दात

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मास्तर तीस वर्षं कवळ्या बनवत होते. मेणात दात बसवताना वरचा एक दात ते मुद्दाम जरासा तिरका लावत. खरे दात कुणाला फूटपट्टीनं आखून मिळालेत, असं म्हणून डोळे मिचकावत. त्यांची कवळी घातलेला माणूस हसला, तर ते दात खोटे आहेत हे त्याच्या सुनेलाही कळत नसे.

मग कवळ्या छापणारं यंत्र आलं आणि मोठ्या डॉक्टरीणबाईंनी संशोधन काढलं. वीस रुग्ण, प्रत्येकाला दोन कवळ्या, एक मास्तरांची आणि एक यंत्राची. कुठली कुणाची हे सांगायचं नाही. यंत्राच्या जास्त आवडल्या, तर मास्तरांचं टेबल हलवायचं. बाईंनी ते तोंडावर सांगितलं, एवढा त्यांचा चांगुलपणा.

मास्तरांच्या जुन्या कवळ्यांचे नमुने संगणकात उतरवून ठेवू, म्हणजे फुटले तरी राहतील, असंही बाई म्हणाल्या. मास्तरांनी हौसेनं कपाट उघडून दिलं. दर सोमवारी एक फळी रिकामी होऊ लागली. शेजारच्या खोलीतली यंत्राची घरघर त्यांना घरी जेवतानाही ऐकू येई. ते आत गेले की बाई टेबलावरचे कागद पालथे घालत. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली, पण विचारायला जीभ रेटेना.

शेवटचा रुग्ण ऐनवेळी गळला, म्हणून मास्तरांच्या बायकोलाच घेतलं. तिची जुनी कवळी झिजलीच होती. एव्हाना मास्तरांचा धीर सुटला होता. यंत्राचं काम सफाईदार असणार, आपलं उणं दिसायला नको, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सगळे दात एका ओळीत सरळ बसवले.

दोन्ही कवळ्या आठवडा आठवडा वापरून ती निवड सांगायला आली. मास्तर दारात उभे होते, त्यांना बोलायची मनाई होती. तिनं आरशात पाहिलं आणि तोंडातली कवळी बोटानं दाखवली.

"हीच ठेवते. यांच्या हातची आहे, मला कळत नाही होय? ती दुसरी बघा, किती सरळ. असले दात हे कधी लावायचे नाहीत."

बाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं.

ती नवऱ्याकडे वळून हसली. वरचा एक दात जरासा तिरका होता, अगदी ते लावत तेवढाच. मास्तरांना त्या हसण्याची भीती वाटली.