दाव्याची खाच

सागाच्या भुशाचा वास आला की मला माणमधला तो रविवार आठवतो. घरमालकीणबाईंची गुरं गेल्यापासून त्यांच्या रिकाम्या गोठ्यात मी सुट्टीच्या दिवशी लाकडी पेट्या करायचे. गोठा पाडून भाड्याच्या खोल्या काढायच्या, हे सांगायला त्या आल्या, तेव्हा मी जुन्या गव्हाणीच्या फळीतून केलेल्या पेटीला तेल चोळत होते. बाजूंवर वेलबुट्टी कोरली होती. झाकणावर मात्र गुरांच्या दाव्यानं पडलेली खाच तशीच ठेवली होती. त्यांनी खाचेवरून बोट फिरवलं. "ही आमच्या तांबड्या गायीची. लई वढायची दावं." मग पेटी पदरानं पुसून काखेत मारली आणि जाता जाता म्हणाल्या, "खोल्या परसात काढू. तुमी हितंच करा काम." आता लोक ऑर्डर देऊन माझ्या पेट्या नेतात, न विचारता नेलेली ती एकच, आणि मी मिरवते तीही तिच्यावरच.