सिस्टरबाईंचा भाचा

इस्त्री झालेल्या साडीवर बाई आधी हाताची मागची बाजू टेकवत. दवाखान्यात जन्मभर पेशंटच्या कपाळावर टेकवली, तशी. जरा थांबून म्हणत, "ताप उतरला. दे आता."

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. बिल्डिंगमध्ये सगळे सिस्टरबाई म्हणायचे, मी नुसतं बाई. त्या मला 'सांगली' म्हणत. माझं गाव जतकडचं, सांगली जिल्ह्याच्या पार टोकाला. सातवीत शाळा सोडून ठेकेदाराबरोबर इकडे ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या कामावर आलो. काम संपलं, ठेकेदार माणसं घेऊन गेला, मी तापानं फणफणून चंद्रपूरच्या दवाखान्यात पडलो. डोळे उघडले तेव्हा कपाळावर बाईंचा हात होता.

"कुठी जाशील आता?"

बरा झाल्यावर त्यांनी आपल्या बिल्डिंगच्या जिन्याखालची जागा दाखवली, टेबल दिलं, कोळशाची इस्त्री आणून दिली. "घाबरू नको रे सांगली, मी आहो ना."

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं एक माणूस असेल. काम निघालं की सगळे त्याच्या दारात, आणि चहाला कोणीच नाही. रिटायर झाल्यावर बाईंचं तसंच झालं.

फ्लॅट ज्याचा त्याचा होता, पण खालची जमीन नझूलची, म्हणजे सरकारची, लीजवर घेतलेली. लीजची मुदत संपली होती. ती वाढल्याशिवाय फ्लॅट विकता येईना, बँक दारात उभी करीना. सगळ्यांच्या सह्या लागत होत्या आणि अर्ध्यांचं अर्ध्यांशी बोलणं नव्हतं. बाईच वरखाली करायच्या. कोणी आढेवेढे घेतले की म्हणायच्या, "सुई टोचून राह्यली का मी? सहीच तर मागून राह्यली." ऊन डोक्यावर घेऊन नझूलच्या ऑफिसात जायच्या, त्याही एकट्याच.

मग तिथले साहेब पाहणीला येणार असं कळलं. लीजची अट होती, जागा फक्त राहण्यासाठी. धंदा दिसला तर मुदतवाढ अडली.

सेक्रेटरी भाऊ म्हणाले, "सिस्टरबाई, या इस्त्रीवाल्याले हाकला. याच्यापायी आपले सगळ्यायचे फ्लॅट जातीन."

बाईंनी मला हाकललं नाही. इस्त्री स्वतःच्या सैपाकघरात लपवली आणि माझ्या टेबलावर गादी टाकली. "तोंड उघडू नको. तुह्या बोलण्यावरूनच समजते, तू इकडला नाई म्हणून."

साहेब आले. "हा कोण?"

"माहा भाचा. इथी धंदागिंदा काई नाई होत, साहेब."

"मग जिन्याखाली काऊन झोपते?"

"लय घोरते."

सगळे हसले. सेक्रेटरी भाऊ तर सगळ्यांत जास्त. साहेबांनी तेवढं लिहून घेतलं आणि खाली बाईंची सही घेतली.

लीज वाढली. पेढे वाटले. पेढ्यांच्याच मीटिंगला सेक्रेटरी भाऊंनी विषय काढला. "आता रिस्क नको. जिन्याखालची जागा खाली करा."

बाई उठल्या. "आजपर्यंत याच्याच हातचे कपडे घालून राह्यले ना तुम्ही?"

"पण बाई, इथी धंदा होत नाई असं तुम्हीच तं लिहून देल्लं. आता आम्ही तुम्हाले खोटं पाडावं का?"

डॉक्टरांना गप्प करणाऱ्या बाई खाली बसल्या. पेढा तसाच हातात होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं टेबल स्वतःच्या पुढच्या खोलीत घेतलं. थोड्याच दिवसांत नोटीस आली, एकट्या बाईंच्या नावानं. राहत्या फ्लॅटमध्ये धंदा चालतो, फ्लॅट परत का घेऊ नये? तक्रार कोणाची ते लिहिलेलं नव्हतं. त्या आठवड्यात फक्त सेक्रेटरी भाऊंचे कपडे आले नव्हते.

"घाबरू नको, मी आहो ना," बाई म्हणाल्या आणि पुन्हा ऑफिसात निघाल्या. पण ज्यासाठी निघाल्या ती नोटीस माझ्या टेबलावरच विसरल्या. त्या परत यायच्या आत मी टेबल हातगाडीवर टाकलं आणि ऊर्जानगरच्या रस्त्याला झाडाखाली मांडलं. मी गेलो की नोटिशीत काही उरणार नव्हतं.

संध्याकाळी बाई ऑटोतून उतरल्या. "मले विचारलं? भाचा म्हणलं होतं तुले. सही करून म्हणलं होतं."

"बाई, तुमचा फ्लॅट गेला असता."

"फ्लॅटले काय करतो मी? बोलते का तो माह्याशी?"

पिशवीतून पांढरी साडी काढून टेबलावर ठेवली. "कडक कर. येतो घ्यायले." आणि मागं न बघता ऑटोत बसल्या.

साडी घ्यायला त्या आल्या नाहीत. रागात असतील, म्हणून मीही जायला धजलो नाही.

मग एकदा सेक्रेटरी भाऊच स्कूटरवरून कपड्यांचं गाठोडं घेऊन आले. "गेल्या ना सिस्टरबाई. तुले कोणी सांगतलं नाई? ऊन लागलं त्यायले. लय चांगल्या होत्या. लीज त्यायच्याचपायी झाली. म्हणून तं त्यायचा फ्लॅट लगेच विकल्या गेला." आणि शर्ट पुढे केले. "कॉलर नीट कर."

मी केली. अजूनही करतो. पोट आहे.

ती साडी माझ्याचकडे आहे. घडीवर पिवळी रेघ यायला लागली की उलगडून पुन्हा इस्त्री फिरवतो. मग हाताची मागची बाजू टेकवतो, आणि साडी गार होईपर्यंत हात उचलत नाही.