मागच्या दारातला कूलर

खानदेशात मे महिना काढायचा तर कूलर हवाच, आणि तो बसवण्यात माझ्या वडिलांचा, आबांचा, हात कुणी धरू शकत नव्हतं. पिंप्राळ्यातल्या आमच्या घराला दोनच दारं. मागच्या दारात आबा दर उन्हाळ्यात कूलर चढवायचे आणि फटीतून झळ येऊ नये म्हणून भोवती फळ्या ठोकायचे. "आते हत्ती उना तरी हालनार नही," असं म्हणत शेवटचा खिळा मारायचे.

इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तिचेही असेच लाड. बाहेर उन्हात तापेल म्हणून ती पुढच्या खोलीत, दाराला लागूनच चार्ज व्हायची. जाता-येता साडी अडकायची म्हणून मी चिडायचे. आगीचा विचार आमच्यापैकी कुणाच्याच मनात आला नव्हता.

त्या दुपारी आबा बाजारातून आले. तापलेली गाडी निवूही न देता चार्जिंगला लावली आणि ओट्यावर शेजाऱ्यांशी बोलत बसले. आतल्या खोलीत मी आईचे पाय चोळत होते; पक्षाघातापासून तिला उठता येत नाही. आधी चटचट आवाज आला, मग घशाला झोंबणारा धूर. डोकावले तर स्कूटर पेटलेली, आणि दार तिच्या पलीकडे. मी मधलं दार लावून घेतलं आणि मागे धावले. तिथे कूलर.

फळ्यांवर लाथा घातल्या. एकही हलली नाही. खिडकीला गज. दाराखालून धूर आत येत होता. आई म्हणाली, "मना नाद सोड, तू निंघ." कुठून निघणार होते? मी इतकी घाबरले होते की तिच्यावरच ओरडले.

तेवढ्यात फळ्यांपलीकडून आबांचा आवाज आला. घराला वळसा घालून ते मागे आले होते आणि स्वतःच ठोकलेल्या फळ्या नुसत्या हातांनी उपटत होते. रडत होते. शेजाऱ्यांनी पहार आणली, कूलर पाण्यासकट बाहेर कोसळला, आणि आम्ही आईला चादरीत घालून बाहेर काढलं.

पुढची खोली पुन्हा रंगवली. आबांच्या तळव्यांच्या जखमा भरल्या. यंदाच्या मे महिन्यात मागचं दार सताड उघडं आहे आणि भर दुपारी झळा थेट आईच्या खाटेपर्यंत येतात. मी म्हटलं, "आबा, फळ्या न ठोकता नुसता कूलर ठेवू या का दारात?"

आबा तिच्या उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होते. हात न थांबवता म्हणाले, "वारा मी घालस, बेटा. दार मोकयं राहू दे."