उतारावर पट्टा मी काढला

भिका गेल्याचं त्याच्या मुलीनं, वैशालीनं, फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, ‘जाताना काही बोलला का?’ ‘नाही काका, झोपेतच गेले.’ मला हायसं वाटलं... त्याला महिना होऊन गेला, पण ते हायसं वाटणं अजून आठवतं.

आम्ही दोघे धुळ्याकडचे. तरुणपणी सुरतेजवळच्या एका साखर कारखान्यात होतो. शेतांतून ऊस आणायला तिथे अरुंद रूळ होते, वॅगनी बैल ओढायचे. भिका फिटर. त्यानं विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन ट्रॉलीवर बसवलं, सपाट पट्ट्यानं चाकांना जोडलं आणि चार वॅगनी ओढून दाखवल्या. उलटं जायची सोय नव्हती. टोकाला पोचलं की जॅकवर उचलून ट्रॉली हातानं फिरवायची. ऊसतोडीच्या बायका म्हणायच्या, ‘भिकाभाऊ, हिला शिंगं लाव.’ ‘लावली तर चारा मागेल,’ तो म्हणायचा.

त्याचा नियम एकच होता : खाडीच्या उतारावर पट्टा काढायचा नाही, कारण इंजिनच गाडी धरून ठेवतं. एका दुपारी गाडी मी चालवत होतो, डिझेल वाचवायला मी तो काढला. लाकडी ब्रेक धुरावला, गाडी खाडीच्या चिखलात गेली, पट्टा सापडलाच नाही आणि माझा पाय कायमचा अधू झाला. दवाखान्यात भिकानं विचारलं, ‘पट्टा तुटला?’ मी म्हणालो, ‘तुटला.’ चौकशीतही तेच सांगितलं. भिकाची नोकरी गेली, त्याच्या इंजिनाची भंगारात रवानगी झाली. तो सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड वाहायला लागला. फिटरला खरं कळलंच असणार, दोस्तीखातर गप्प आहे, असं मी इतकी वर्षं मानून घेतलं.

परवा भेटायला गेलो तर वैशाली म्हणाली, ‘पप्पांनी घरातला पंखासुद्धा कधी दुरुस्तीला उघडला नाही. म्हणायचे, पट्ट्याचा जोड मी टाकला होता, माझ्या हातानं माणूस लंगडा झाला.’

मग मी सगळं सांगितलं. ‘हे तुम्ही त्यांना सांगायचं होतं, काका,’ एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘आता लिहा. पप्पांच्या नावासकट लिहा.’

मी आल्या आल्या तिनं माझ्या पायाखाली एक बुटकं स्टूल सरकवलं होतं. भिका जिवंत असताना ते तोच सरकवायचा, ‘पाय कसा शे?’ असं आमच्या अहिराणीत विचारत. मी पाय स्टुलावरून खाली घेतला.

‘राहू द्या,’ वैशाली म्हणाली. ‘ते त्यांनी तुमच्यासाठीच आणलं होतं.’

मला पाय उचलून पुन्हा त्यावर ठेवता आला नाही.